डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास: नागपुरातल्या एका एडिटिंग मशीनचं व्होल्टेज प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देणारा एक छोटा स्टुडिओ आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि वस्ती गाळली आहे. पहिल्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली दहा बाय बाराची खोली, खिडकीत डेझर्ट कूलर, दोन मशीन आणि तीन माणसं. त्यातलं मोठं मशीन असं होतं: एएमडी रायझन ७ ५८००एक्स, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४-३६०० रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ३०६०, ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि प्रोसेसरवर १२० मिमीच्या एका पंख्याचा टॉवर एअर कूलर. नागपुरात कूलर म्हटलं की डोळ्यापुढे एकच वस्तू येते. म्हणून इथून पुढे खिडकीतला तो ‘कूलर’ आणि प्रोसेसरवरचा तो ‘हीटसिंक’.

५८००एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला. ८ कोअर, १६ थ्रेड, बेस क्लॉक (नेहमीचा वेग) ३.८ आणि जाहीर बूस्ट (स्वतःहून गाठायचा वरचा वेग) ४.७ गिगाहर्ट्झ; प्रत्यक्षात बूस्ट थोडा वरही जातो. डब्यावर १०५ वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून घ्यायची मुभा, म्हणजे पीपीटी, १४२ वॅटची आहे आणि तापमानाची मर्यादा ९० अंशांची. आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) दाटीनं बसलेले असल्यामुळे हा प्रोसेसर मुळातच गरम चालतो. हीटसिंक कितीही मोठा असला तरी एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढायला वेळ लागतोच.

डिसेंबरात ओळखीतल्या एका हौशी मुलानं हे मशीन ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर बांधून, दिलं होतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरला ४६ चा फिक्स रेशो, म्हणजे ४.६ गिगाहर्ट्झ, आणि व्हीकोअर (कोअरला मिळणारं व्होल्टेज) १.३२५ व्होल्टवर ओव्हरराइड. लोड आल्यावर प्रोसेसरपर्यंत त्यातले साधारण १.२९ व्होल्ट पोचत होते. खोलीत २२ अंश. दहा मिनिटं सिनेबेंच आर२३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवलं: १५,९०० गुण, १३८ वॅट, ८४ अंश. ‘पास’ असं ठरलं आणि मशीन कामाला लागलं.

अडचण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान मशीन रेंडरच्या (तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या) अधेमधे रिस्टार्ट व्हायला लागलं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, एकदम काळोख आणि परत बूट. सकाळी आणि रात्री तेच काम बिनघोर व्हायचं. पावणेतीन तासांची एक लग्नाची फिल्म, सॉफ्टवेअर एन्कोडिंगनं (ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवरच) टू-पास एच.२६४, डिसेंबरात १ तास ५२ मिनिटांत निघत होती. मे महिन्यात ती दोनदा लावली आणि दोन्हीदा अर्ध्यावर पडली.

“भाऊ, डिसेंबरात तर मक्खन चालून रायलं होतं. लाइटचाच काही लोचा असन,” हे एडिटरचं निदान. ते अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी वस्तीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू असतात आणि दाब खाली-वर होतो. या निदानावर विसंबून यूपीएसची बॅटरी बदलली गेली. फरक शून्य.

लाइट, रॅम की प्रोसेसर

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता: आता पैसे कशावर घालायचे. एसएमपीएस बदलायचा विचार जवळपास पक्का झाला होता. त्याआधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दहा मिनिटं घातली आणि बरंच काही निवळलं.

प्रत्येक रिस्टार्टला कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होतीच. पण ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता परत चालू झालं. वायर उपटली तरी तीच येते. लोक हीच एक नोंद बघतात आणि एसएमपीएस आणायला सीताबर्डीच्या बाजारात निघतात. इथे मात्र तिच्या जोडीला, पुढच्या बूटच्या वेळी लिहिलेली डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरमधल्या चुका टिपणाऱ्या विंडोजच्या भागाची) इव्हेंट १८ होती आणि तिच्यात ‘कॅश हायरार्की एरर’ असा प्रकार नोंदलेला होता. लाइट गेल्यानं ही नोंद येत नाही. प्रोसेसरच्या आतल्या तपासणीला चूक सापडली, ती दुरुस्त करता आली नाही, म्हणून मशीननं हात वर केले, असा तिचा अर्थ. शिवाय त्याच यूपीएसवरचं दुसरं मशीन त्या दुपारी एकदाही बंद पडलेलं नव्हतं.

रॅमला तरी लगेच सोडून दिलं नाही. एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग) चालू ठेवून मेमटेस्ट८६ या रॅम-तपासणीचे चार पास रात्रभर घेतले, एकही चूक निघाली नाही. उरला प्रोसेसर आणि त्याला दिलेलं व्होल्टेज.

डिसेंबरात चाललेलं मे महिन्यात का पडावं? चिप गरम झाली की तिच्यातले ट्रान्झिस्टर थोडे मंदावतात. तोच क्लॉक गाठायला त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. २२ अंशांच्या खोलीत १.२९ व्होल्ट जेमतेम पुरत होते, शिल्लक जवळजवळ नव्हती. आता बाहेर ४५ च्या वर आणि कूलर चालू असूनही खोलीत ३४. खोली १२ अंशांनी चढली की प्रोसेसरही तेवढाच चढतो. त्यात गळती करंट तापमानाबरोबर वाढतो, म्हणजे काहीही जास्तीचं काम न करता आणखी काही वॅट. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रिस्टार्टच्या आधीची शेवटची नोंद होती ९८ अंश. स्वयंचलित बूस्ट चालू असता तर ९० ला पोचताच क्लॉक आपोआप उतरला असता. फिक्स रेशो लावला की ही राखण जाते आणि पीपीटीची १४२ वॅटची मर्यादाही लागू राहत नाही.

पर्याय

व्होल्टेज वाढवणं. ओव्हरक्लॉक करणाऱ्या मुलाचा सल्ला हाच होता: १.३७५ करा, चालेल. कदाचित चाललंही असतं, आठवडाभर. पण वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. १.३२५ वरून १.३७५ म्हणजे व्होल्टेज पावणेचार टक्के जास्त, पण वीज सुमारे पावणेआठ टक्के जास्त. १३८ चे १४८-१४९ वॅट. या हीटसिंकवर एका वॅटला साधारण ०.४५ अंश पडतात, म्हणजे आणखी पाच अंश. गरम झालं म्हणून व्होल्टेज वाढवायचं आणि व्होल्टेज वाढवलं म्हणून आणखी गरम. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज किती पडू द्यायचं याचं सेटिंग) चढवून १.३२५ च्या १.३२५ पोचवण्याचाही एक उपाय होता, पण उष्णतेचा हिशेब तोच राहतो. वर लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर नेमलेल्या आकड्याच्याही वर उसळी घेतं.

हीटसिंकच्या जागी, प्रोसेसरला पाण्यानं थंड करणारा २४० किंवा ३६० मिमीचा लिक्विड कूलर. पाच-सात अंश मिळाले असते, त्याहून जास्त भरवसा नाही, कारण अडथळा चिपलेटच्या दाटीचा आहे. आणि पाणी असलं तरी ते खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही.

एसी. मालकाच्या मनात होताच, पण सीझनच्या मध्यात वायरिंगसकट नको म्हणून पुढे ढकलला.

इको मोड. प्रोसेसरची वीज कमी मर्यादेत बांधणारी बायोसमधली एक ओळ. पीपीटी ८८ वॅट, टीडीसी (सततच्या करंटची मर्यादा) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंटची) ९० अँपिअर. बाकी काही करायचं नाही.

व्हीकोअरला सरसकट उणे ऑफसेट, म्हणजे सगळीकडे व्होल्टेज एका ठरावीक आकड्यानं उतरवणं (अंडरव्होल्ट). नेटवर सर्वांत जास्त सांगितला जाणारा उपाय.

पीबीओची (स्वयंचलित बूस्टच्या सेटिंगची) मर्यादा हातानं ठरवून कर्व्ह ऑप्टिमायझर वापरणं. बूस्ट स्वयंचलितच राहतो, पण प्रत्येक कोअरची ‘इतक्या क्लॉकला इतकं व्होल्टेज’ ही रेषा खाली सरकवता येते. एक घर म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, दोन्ही बाजूंना ३० घरांपर्यंत.

काय केलं, आणि काय बिघडलं

आधी साफसफाई. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे ठरलं होतं, म्हणून ओव्हरक्लॉक तसाच ठेवून हीटसिंक उघडला. एएम४ सॉकेटमध्ये एक धोका असतो: पिना प्रोसेसरला असतात, आणि सुकलेल्या पेस्टनं चिकटलेला प्रोसेसर लॉक बंद असतानाही हीटसिंकबरोबर उपटून वर येतो. पिना वाकल्या की काम वाढलं. म्हणून आधी दहा मिनिटं लोड लावून पेस्ट मऊ केली, मशीन बंद करून प्लग काढला, स्क्रू सोडले आणि हीटसिंक सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. पेस्ट कडेला खडूसारखी झाली होती. पण जास्त बघण्यासारख्या होत्या त्या हीटसिंकच्या पात्या. कूलरच्या ताट्यांतले बारीक तंतू आणि ओलसर धूळ मिळून पंख्यामागे नमद्यासारखा थर बसला होता, नखानं धरून अख्खा सोलला जाईल असा. कोरडी धूळ ब्लोअरनं उडते, ही उडत नाही. ब्रश मारावा लागतो. मशीन कूलरच्या थेट झोतात होतं. ते दोन फूट बाजूला सरकवलं. नव्या पेस्टनंतर त्याच लोडला पाच अंश कमी. रिस्टार्ट मात्र थांबले नाहीत, दोन दिवसांतून एकावर आले.

मग बायोस डिफॉल्टवर नेला, नवी आवृत्ती टाकली, फक्त एक्सएमपी चालू केलं. बायोस अपडेट केलं की जुनी प्रोफाइलं पुसली जातात, त्यामुळे जुने आकडे आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. खोलीत ३४ अंश असताना डिफॉल्टची मोजणी: सिनेबेंच दहा मिनिटं, १४,७०० गुण, १२३ वॅट, तापमान ९० वर टेकलेलं, क्लॉक साधारण ४.३५ गिगाहर्ट्झ. स्थिर, पण तापमानाच्या भिंतीला पाठ लावून.

याच टप्प्यावर एडिटरचा घाबरून फोन आला: नुसता ब्राउझर उघडला तर व्होल्टेज १.४६ दाखवतंय, प्रोसेसर जळेल! जळत नाही. एक-दोन कोअर ४.८ च्या आसपास धावतात तेव्हा व्होल्टेज जास्त असतं, पण करंट अगदी थोडा असतो. आठही कोअर भरले की हेच व्होल्टेज १.२ च्या आसपास उतरतं. या प्रोसेसरच्या बाबतीत हलक्या कामातले १.४५ हे नेहमीचे आहेत. हातानं लावून दिवसरात्र लोडखाली ठेवलेले १.४ मात्र चिपचं आयुष्य खातात. सुट्या आकड्याला अर्थ नसतो. तो किती करंटला आणि किती तापमानाला आहे ते बघावं लागतं.

दुसरा निर्णय: सरसकट ऑफसेट. उणे १०० मिलिव्होल्ट लावले आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे खूश. ९० चे ८३ अंश, १२३ चे १०८ वॅट, आणि स्क्रीनवर क्लॉक उलट ४.५ गिगाहर्ट्झ. गुण मात्र १४,३००. क्लॉक वाढला आणि काम घटलं, हे कसं? एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘कोअर क्लॉक’ आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ असे दोन रकाने असतात. पहिला सांगतो मागितलेला क्लॉक, दुसरा सांगतो प्रत्यक्ष मिळालेले ठोके. पहिल्यात ४.५, दुसऱ्यात ४.२८. व्होल्टेज कमी पडतंय असं जाणवताच हा प्रोसेसर कोसळण्याऐवजी ठोका क्षणभर लांबवतो, याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. अंडरव्होल्ट करून ‘तापमान दहा अंशांनी उतरलं, क्लॉक तोच’ असं सांगणाऱ्या कित्येकांनी इफेक्टिव्हचा रकाना उघडलेलाच नसतो. ऑफसेट काढून टाकला.

इको मोडची मोजणी: ७४ अंश, ८८ वॅट, सुमारे ४.१ गिगाहर्ट्झ, १३,७०० गुण. पंख्याचा आवाज शेजारच्या खुर्चीवर ऐकू येईना. इथे थांबता आलं असतं. मालक थांबायला तयार होता, एडिटर नव्हता; सीझनमध्ये त्याच्यासाठी दहा मिनिटंही दहा मिनिटं होती.

तिसरा निर्णय आणि खरी चूक. पीबीओ मॅन्युअल: पीपीटी ११०, टीडीसी ८०, ईडीसी १२०. जास्तीचा बूस्ट शून्य. कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरला उणे १५ लावल्यावर १५,००० गुण आणि ८४ अंश. इतकं सहज जमलं म्हणून थेट उणे ३० केलं. १५,३५० गुण. दोन तासांचं रेंडर न अडखळता झालं. रात्री मशीन तसंच चालू ठेवून सगळे घरी गेले. सकाळी लॉगिनची स्क्रीन. काहीही काम चालू नसताना मशीन रिस्टार्ट झालं होतं.

लोड झेपतो आणि विश्रांती झेपत नाही, हे ऐकायला उलटं वाटतं, पण अंडरव्होल्ट केलेला रायझन बहुतेक असाच पडतो. पूर्ण लोडला ११० वॅटची मर्यादा क्लॉक साडेचारच्या आसपास रोखून धरते आणि तिथे व्होल्टेजला थोडी सवड असते. मशीन निवांत असताना विंडोजचं एखादं बारीकसारीक काम जागं होतं, एकच कोअर एका झटक्यात ४.८ वर उडी मारतो, आणि रेषेच्या त्या टोकाला सवड सर्वांत कमी असते. त्यातून ९०-१५० मिलिव्होल्ट काढून घेतले की उडी चुकते. म्हणून केवळ सगळ्या कोअरवर लोड टाकून अंडरव्होल्ट तपासणं म्हणजे सपाट रस्त्यावर ब्रेक तपासून घाट उतरण्यासारखं आहे.

नोंदीत परत इव्हेंट १८, आणि या वेळी तिच्यातला एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) वाचला: ४. एका कोअरचे दोन थ्रेड असतात आणि मोजणी शून्यापासून होते, म्हणून चाराला दोननं भागून कोअर २. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पाहिलं तर हा या प्रोसेसरचा सर्वांत चांगला ठरवलेला कोअर. यातही गंमत नाही. चांगल्या कोअरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेजची रेषा मिळालेली असते, तिच्यातून आणखी कापायला फारसं उरलेलं नसतं. कापायला वाव असतो तो सामान्य कोअरमध्ये.

मग घाई सोडली आणि कोअरसायकलर लावलं. हे एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ ही ताण-चाचणी चालवतं आणि कोणता पडला ते नावानिशी सांगतं. त्या चाचणीचा हलका, एसएसई प्रकार, मोठे एफएफटी (मोठी गणितं), कोअरमागे सहा मिनिटं. आठ कोअरची एक फेरी ४८ मिनिटांची. एसएसई मुद्दाम, कारण त्यात उष्णता कमी, क्लॉक जास्त, आणि धोका तिथेच आहे. जो कोअर पडेल त्याला काही घरं वर घ्यायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. चार रात्री लागल्या. जे आकडे निभावले त्यांत आणखी तीन-तीन घरांची सवड दिली. शेवटी कोअर ० पासून ७ पर्यंत बायोसमध्ये गेलेले आकडे: उणे २०, १८, ५, २२, २२, १०, २५, २५. हे दुसऱ्या ५८००एक्सवर जसेच्या तसे टाकायचे नाहीत. प्रत्येक चिप वेगळी असते आणि यातला ५ कुणाच्या तरी मशीनवर शून्य असेल.

परिणाम

खोली ३४ अंशांवर असताना: १४,९५० गुण, ११० वॅट, ८४ अंश, इफेक्टिव्ह ४.४५ गिगाहर्ट्झ, लोडखाली १.१७ व्होल्ट. डिसेंबरातल्या ओव्हरक्लॉकपेक्षा सहा टक्के कमी काम, वीस टक्के कमी वीज. कागदावरचा हिशेबही जुळतो: क्लॉक ४.६ वरून ४.४५ म्हणजे ०.९६७ पट, व्होल्टेज १.२९ वरून १.१७ म्हणजे वर्ग करून ०.८२३ पट, १३८ ला दोन्हींनी गुणलं की ११० येतात. इतकं तंतोतंत जुळण्यात थोडं नशीबही आहे, कारण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरचा भाग या सूत्रात बसत नाही.

लग्नाची तीच फिल्म आता १ तास ५८ मिनिटांत निघते. सहा मिनिटं जास्त, पण भर दुपारी, आणि पहिल्या झटक्यात. सिंगल-कोअर गुण १,५२५ वरून १,६०० वर गेले, कारण फिक्स ४.६ मध्ये हलक्या कामाला ४.८५ पर्यंत उडी मारायची सोयच बंद झाली होती. टाइमलाइन पुढे-मागे करताना हा फरक हाताला जाणवतो. एडिटरला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच होती आणि ती कुणी मागितलेली नव्हती.

वीजबिलाचं म्हणाल तर फार आशा नको. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावून पाहिलं: रेंडरमध्ये सुमारे ३५ वॅट आणि निवांत असताना १५ वॅट कमी. दिवसाला सहा तास रेंडर आणि पाच तास बसून, असं २६ दिवस धरलं तर साडेसात युनिटच्या आसपास. युनिटला १० रुपये धरा, महिन्याला पाऊणशे रुपये झाले. एवढ्यासाठी चार रात्री कुणी घालवू नयेत.

पुढचे सहा आठवडे, म्हणजे नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) धरून, एकही रिस्टार्ट नाही आणि डब्ल्यूएचईएची एकही नोंद नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरातली तपासणी दहा मिनिटांची होती हा दोष लहान. ती २२ अंशांत झाली हा मोठा. हिवाळ्यात उन्हाळा आणता येत नाही, पण हीटसिंकचा पंखा बायोसमधून ४०-५० टक्क्यांवर बांधून तापमान १२-१५ अंशांनी चढवता येतं. त्या अवस्थेत जे सेटिंग रात्रभर टिकेल तेच मे महिन्यासाठी धरावं. हे केलं असतं तर ४.६ चा आकडा डिसेंबरातच गळला असता.

उणे १५ नंतर थेट ३० वर जाण्याचं कारण फक्त हुरूप होता. त्या रात्री गिऱ्हाइकाचं रेंडर लागलेलं नव्हतं हे नशीब. १५ वर थांबून आधी एक रात्र कोअरसायकलर लावला असता तर कोअर २ आणि ५ तिथेच उघडे पडले असते.

एका बाबीकडे उशिरा लक्ष गेलं आणि ती रिस्टार्टपेक्षा वाईट होती. अर्धवट स्थिर प्रोसेसर दर वेळी कोसळत नाही. कधीकधी तो चुकीचं गणित करून पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये दिलेल्या फिल्म परत तपासल्या तेव्हा एकीत वरातीच्या दृश्यात दोन-तीन फ्रेमवर हिरवे चौकोन निघाले. ती फिल्म पुन्हा एक्सपोर्ट करून दिली. सोर्स फुटेज शाबूत होतं म्हणून निभावलं. मशीन पडायला लागलं त्याच दिवशी ओव्हरक्लॉक काढून डिफॉल्टवर आणायला हवं होतं. निदान नंतर करता आलं असतं. प्रत्यक्षात पंधरा दिवस त्याच सेटिंगवर काम चालू राहिलं, कारण सगळ्यांचं लक्ष यूपीएसवर होतं.

आणि इको मोड. तो आणि शेवटचं सेटिंग यांत फरक नऊ टक्क्यांचा. या स्टुडिओत नोंदी वाचणारा, आकडे जपणारा एडिटर आहे म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझर ठीक. जिथे मशीनकडे बघणारं कुणी नाही, म्हणजे बहुतेक दुकानं, क्लासेस, डीटीपीची ऑफिसं, तिथे इको मोड लावून विसरून जाणं आमच्या मते जास्त शहाणपणाचं. मालकाचं मत अजूनही तेच आहे आणि त्याला खोडायला आमच्याकडे फारसं काही नाही.

आठ कोअरचे आकडे, पीबीओच्या तीन मर्यादा आणि बायोसची आवृत्ती एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर आतून चिकटवला आहे. खाली तारीख आणि खोलीचं तापमान: ३४.